जर्मनीतील यजमान कुटुंबाला ओळखीचे पहिले पत्र कसे लिहावे?

प्रश्न (सातारा, अकरावीची विद्यार्थिनी)

सर्वांना नमस्कार. रोटरीच्या युवा विनिमय कार्यक्रमातून माझी जर्मनीसाठी निवड झाली असून येत्या ऑगस्टमध्ये मी एका शैक्षणिक वर्षासाठी तेथे जाणार आहे. त्या वर्षात मला एकामागून एक तीन कुटुंबांत राहायचे आहे आणि त्यांपैकी पहिल्या कुटुंबाला स्वतःची ओळख करून देणारे पत्र याच आठवड्यात पाठवायचे आहे. मी केलेल्या कच्च्या मसुद्यात दहावीचे गुण, वक्तृत्वाची बक्षिसे आणि भरतनाट्यमच्या परीक्षा एवढेच आले. तो वाचून बाबा म्हणाले की हा तर नोकरीचा अर्ज झाला. माझे जर्मन ए२ म्हणजे प्राथमिक पातळीचे आहे. पत्र जर्मनमध्ये लिहावे की इंग्रजीत, मायना काय घालावा, आणि आमच्या घरी अंडेही चालत नाही हे पहिल्याच पत्रात सांगणे बरे दिसेल का?

उत्तर (पुणे, तेथे एक वर्ष राहून आलेला विद्यार्थी)

पहिला परिच्छेद स्वतःच्या जर्मनमध्ये लिही, मग चुका राहिल्या तरी चालतील, आणि बाकीचे पत्र इंग्रजीत लिही. मायना ‘लीबे फामीलिये’ (प्रिय कुटुंब) आणि पुढे त्यांचे आडनाव असा असावा. ‘झेअर गेएअर्टे’ हा कचेरीच्या पत्रव्यवहाराचा मायना आहे. मायन्यानंतर स्वल्पविराम येतो आणि पुढच्या ओळीतला पहिला शब्द, तो नाम नसेल तर, लहान अक्षराने सुरू होतो. आपण आईला ‘अगं’ म्हणतो आणि बऱ्याच घरांत वडिलांना ‘अहो’ म्हणतो, त्यामुळे यजमान वडिलांना एकेरी ‘डू’ म्हणताना प्रारंभी जीभ अडखळते, पण यजमान घरात सहसा तेच अपेक्षित असते.

अंड्याचे तर अवश्य लिही. तिकडे नुसते ‘शाकाहारी’ म्हटले की अंडे चालते असे गृहीत धरतात, आणि ‘श्पेट्झले’ या दक्षिण जर्मनीत घरोघरी होणाऱ्या शेवयांत अंडे असते. गमीच्या गोळ्यांत बहुधा प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून केलेले जिलेटिन असते. म्हणून मांस, मासे, अंडी आणि जिलेटिन अशी नावे घेऊन सांग, आणि दूध, दही, लोणी चालते हेही त्याच वाक्यात सांग, नाहीतर बिचारी माणसे तुझ्यासाठी सोयाचे दूध आणून ठेवतील.

उत्तर (नाशिक, यजमान आई)

आमच्याकडे एक जर्मन मुलगी पाच महिने राहिली होती, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते. तिच्या पत्रातले गुण आणि पदके मला आज आठवत नाहीत. आठवते ती एक ओळ, की सकाळी उठल्यावर अर्धा तास मला बोलता येत नाही, कृपया तो राग समजू नका. ती ओळ वाचली नसती तर मी रोज सकाळी तिला ‘काय बिनसलंय?’ असे विचारत राहिले असते. सोबत तिने अभ्यासाच्या टेबलाचा पसारा दिसणारा फोटो जोडला होता. स्टुडिओत काढलेल्या फोटोपेक्षा त्यातून ती आम्हाला अधिक कळली.

एक चूक मात्र आमच्याकडून झाली. पहिल्या रात्री तिने पोळी नको म्हटल्यावर सासूबाईंनी आपल्या रीतीप्रमाणे आग्रह करून तीन वेळा वाढली, आणि पानात टाकायचे नाही म्हणून ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत खात राहिली. तुझ्या बाबतीत याच्या उलट होईल: तू संकोचाने एकदा नको म्हणालीस की भांडे पुढे सरकेल आणि तू अर्धपोटी उठशील. आमच्याकडे आधी नाही म्हणण्याची सवय असते, हे पत्रात मोकळेपणाने लिहून टाक.

उत्तर (पुणे, वरील विद्यार्थी)

काकूंचे म्हणणे अगदी खरे आहे; माझे पहिले दोन आठवडे तसेच गेले. त्यातून अनेक घरांत संध्याकाळचे जेवण म्हणजे पाव, चीज आणि काकडी-टोमॅटो एवढेच असते, गरम जेवण दुपारी होते. रोटरीत ‘पहिल्या रात्रीचे प्रश्न’ अशी एक यादी वापरतात: तुम्हाला काय म्हणून हाक मारू, कपडे कधी धुवायचे, न्हाणीघर सकाळी कोणी कोणत्या वेळी वापरायचे. त्यातले दोन-तीन प्रश्न पत्रातच विचारलेस तर ते लोकही मोकळे होतील. आणि नाचाबद्दल लिहिताना परीक्षांपेक्षा सरावाचे लिही, कारण रात्री दहानंतर आणि रविवारी तेथे शांतता कसोशीने पाळतात.

मूळ प्रश्नकर्ती

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री पत्र नव्याने लिहायला घेतले. गुणांचा परिच्छेद काढला आणि स्वयंपाकघरात आजीसोबत मेथी निवडतानाचा फोटो जोडला. सरावाबद्दल असे लिहिले आहे: ‘मी रोज पाऊण तास अनवाणी नाचते आणि त्यात टाचा जमिनीवर जोरात आपटाव्या लागतात. आपल्या घरात खाली कोणी राहते का, आणि कोणत्या खोलीत, कोणत्या वेळी सराव केला तर कोणाला त्रास होणार नाही?’ हे जर्मनमध्ये लिहिताना ‘टाच’ हा शब्द मला शब्दकोशात पाहावा लागला.