प्रभू लवकर येणार, मग वीस वर्षांचं गृहकर्ज काढावं का?

ऐरोलीकर
आमच्या घरगुती प्रार्थनेत परवा चांगलंच वाजलं. चर्चच्या मंडळीतल्या एका तरुण जोडप्याला घणसोलीत वन बीएचके घ्यायचाय, वीस वर्षांच्या कर्जावर. एक वडीलधारे बंधू म्हणाले, "लढाया, भूकंप, चिन्हं दिसतायत. प्रभू येशू परत येतोय, दारात उभा आहे आणि तुम्ही वीस वर्षांचे हप्ते गळ्यात बांधून घेताय?" मुलगी रडकुंडीला आली.

माझं मत: घर घ्या. बायबलमधला यिर्मया 32 काढून वाचा. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा, संदेष्टा स्वतः कैदेत, शहर पडणार हेही त्यानेच सांगितलेलं. तरी तो अनाथोथचं शेत 17 शेकेल रुपं तोलून देऊन विकत घेतो, खरेदीखतावर साक्षीदार घेतो आणि ते खत मातीच्या भांड्यात जपून ठेवायला लावतो. दिवस व घटका कुणालाच ठाऊक नाही असं प्रभू म्हणाला (मत्तय 24:36), तर आपण कोण हिशेब मांडणारे?

जागृत_राहा
यिर्मयाला देवाने थेट सांगितलं होतं. तुमच्या जोडप्याला बँकेच्या एजंटाने सांगितलंय.

आणि त्याच मत्तय 24 मध्ये पुढे नोहाचे दिवस आहेत. खाणंपिणं, लग्नकार्य, यात पाप कुठलं? पण त्यातच गुंग होते आणि पूर आला. हप्ता सुरू झाला की नवरा ओव्हरटाइमला, बायको महाप्यात रात्रपाळीला, रविवारची उपासना बुडते, मग उपवास-प्रार्थना. नोकरीची धास्ती तर कायमचीच. रोम 13 मध्ये ऋणात राहू नका आणि झोपेतून उठा, दोन्ही एकाच अध्यायात आहे.

उथळसरचा
मी कॅथलिक, ठाण्याचा. "जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करायला तो येईल" हे आम्ही मिस्साला म्हणतो आणि सोमवारी लोकल पकडतो. तारखा काढणाऱ्यांचं काय झालं ते माहीत आहे. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 धरला होता, काहींनी उभं पीक कापलंच नाही. 2011 मध्ये हॅरल्ड कॅम्पिंग या रेडिओवरच्या प्रचारकाने 21 मे सांगितला, तोही गेला.

तयारी बघायची तर आपल्याच गावात बघा. 1321 साली इथे चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू मारले गेले. इथल्या ख्रिस्ती कुटुंबाकडे उतरले होते. जगाचा शेवट आला नाही, त्यांचा आला. तेव्हा ते तयार होते.

जागृत_राहा
त्या चौघांच्या डोक्यावर हप्ता नव्हता.

दिघ्याची_ताई
हसले, पण पटलं नाही. भाड्याने राहणं म्हणजे जास्त विश्वास का? दर अकरा महिन्यांनी करार, दलाली, सामान हलवा, मुलांची शाळा लांब पडते. आणि अकरा महिन्यांच्या करारावर सही करताना प्रभू तेवढ्यात येणार नाही असं धरूनच चालतो ना आपण? प्रेषित पौल तंबू शिवून पोट भरायचा. थेस्सलनीकाच्या मंडळीत काम सोडून बसलेल्यांना त्याने सरळ सुनावलं, काम नको तर जेवणही नको. वराची वाट बघणाऱ्या दहा कुमारींच्या दाखल्यातसुद्धा डुलकी दहाही जणींना लागली होती, शहाण्यांनाही. फरक दिव्यासाठी जवळ ठेवलेल्या तेलाचा होता. घरकाम, नोकरी, सासूचं औषधपाणी करता करताच ते साठवायचं, वेगळा वेळ कोण देतं बाईला?

जागृत_राहा
ताई, काम सोडा असं मी म्हणतच नाही. एकच विचारतो. हप्ता थकलाय आणि साहेब म्हणतो, या खोट्या बिलावर सही कर. बिनकर्जाचा माणूस राजीनामा देईल. कर्जवाला?

ऐरोलीकर
हा प्रश्न खरा आहे, चिन्हांपेक्षा कितीतरी खरा. म्हणून मी त्यांना म्हटलं, दशमांश, म्हणजे देवाला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग, बाजूला काढा, सहा महिन्यांचा खर्च गाठीला ठेवा, त्यानंतर हप्ता झेपतो का बघा. झेपत नसेल तर थांबा किंवा पलीकडे दिवा स्टेशनकडे स्वस्तात बघा. पण "प्रभू येतोय" हे कारण नको. खोट्या सह्या भाड्याच्या घरातले लोकही करतात.

दिघ्याची_ताई
ते वडीलधारे बंधू स्वतः कुठे राहतात?

ऐरोलीकर
सिडकोच्या घरात. मालकीचं. कर्ज कधीच फिटलंय.

जागृत_राहा
म्हणूनच सांगतायत. काय काय गेलं त्या हप्त्यांत, त्यांना विचारा एकदा.