भिंतीवरच्या वाकळेला काय म्हणावे?

प्रश्न : मृगापासून हस्तापर्यंतच्या पावसाच्या नऊ नक्षत्रांवर मी कोल्हापुरात फूटभर लांबीरुंदीचे नऊ कापडी नमुने शिवते आहे. वर रंगीत तुकडे, मध्ये जुन्या धोतराचा थर, खाली अस्तर आणि तिन्ही थर धरून ठेवणारा धावदोरा अशी घडण गोधडीचीच आहे. मात्र हे भिंतीवर लावायचे आहे, पांघरायचे नाही. याला वाकळ म्हणावे, गोधडी, दुपटे की ‘ऋतुगोधडी’ असे नवेच नाव द्यावे?

उत्तर : दुपटे सोडून द्यावे, त्या शब्दाला तान्ह्या बाळाचा वास आहे. वाकळ हा आपल्याकडचा, सांगली-साताऱ्याकडेही चालणारा शब्द खरा, पण त्यात अंथरण्या-पांघरण्याचा अर्थ इतका मुरलेला आहे की ‘भिंतीवर वाकळ’ म्हटले की ऐकणाऱ्याला ती वाळत घातल्यासारखी वाटेल. ‘ऋतुगोधडी’ मला लग्नपत्रिकेतल्या शब्दासारखे वाटते. ‘गोधडीचित्र’ चालावे, कारण त्यात वस्तू चित्र ठरते आणि गोधडी ही तिची घडण राहते.

वरच्या तुकड्यांना मात्र ठिगळ म्हणू नये. ठिगळ लावायला आधी कापड विरलेले किंवा फाटलेले लागते. आजीच्या जुनेराच्या वाकळेत ते असे, कारण तिथे खालचे कापड खरोखर गेलेले असे. तुमचे कापड धड आहे, तेव्हा त्यावर बसवलेला तो नुसता तुकडा.

प्रश्नकर्ती : ‘गोधडीचित्र’ पटले. मग पावसाच्या शब्दांचेही विचारते. पुनर्वसूचा पाऊस तरणा आणि पुष्याचा म्हातारा म्हणतात, म्हणून पहिल्यात लांब तिरपे टाके घातले आणि दुसऱ्यात बारीक, जवळजवळ. आता एका नमुन्यात झड दाखवायची आहे. तिथे तुटक टाके चालतील का?

उत्तर : तुटक टाक्यांनी सर होईल, झड होणार नाही. सर येते आणि ओसरते. झड लागते, दिवसच्या दिवस उघडीप देत नाही. त्यामुळे करड्या कापडावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत टाक्यात फट न ठेवता दोरा न्यावा लागेल. धावदोऱ्यात दोन टाक्यांमध्ये फट राहतेच. तेव्हा त्या एका नमुन्यापुरता उलटा टाका घालून पाहा.