मंडळीने कॉलेजच्या पोरांना मिशनकार्याला पाठवावं का?

भायखळाकर
आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, वार्षिक सभा झाली. तासभर चर्चा कशावर, तर सभागृहाला एसी की नवे पंखे. अंदाजपत्रकात ‘मिशनकार्य’ नावाची एक ओळ होती, ती कुणी मोठ्याने वाचलीसुद्धा नाही. तरुण संघ मागच्या बाकांवर मोबाईलमध्ये.

माझं म्हणणं असं, की मुंबईतल्या प्रत्येक मराठी मंडळीने दर उन्हाळ्यात निदान एका विद्यार्थ्याला महिनाभर मिशनच्या दवाखान्यात किंवा वसतिगृहात कामाला पाठवावं आणि खर्च मंडळीने उचलावा. आपल्याकडे सुवार्ता आली तीच मुळी विद्यार्थ्यांच्या खटपटीतून. १८०६ साली अमेरिकेत विल्यम्स कॉलेजच्या पाच पोरांनी वादळात गवताच्या गंजीआड प्रार्थना केली, आणि त्या चळवळीतून १८१० मध्ये परदेशी मिशनरी पाठवणारं अमेरिकन बोर्ड उभं राहिलं. त्याच कॉलेजातून शिकलेला गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरला. कंपनी सरकारने निघून जायला सांगितलं, तरी तो हलला नाही. मराठी शिकला, शाळा काढल्या. १८२६ मध्ये नाशिककडे फिरतीवर असताना पटकीच्या रोग्यांना औषध वाटलं आणि परतीच्या वाटेवर पटकीनेच गेला.

दादर_वेस्ट
इतिहास उत्तम. आता २२ वर्षांच्या पोराच्या बापाशी बोला. उन्हाळ्यात इंटर्नशिप करायची की हे? आणि वातावरण बघताय ना? मुंबईची चार पोरं गिटार घेऊन पाड्यावर गेली की कुणीतरी चौकीत फोन करतं. पाळकसाहेब इथे उपासना घेत असतात, जामिनासाठी धावतो बाप.

गिरगावचा_वाचक
मी ख्रिस्ती नाही. विल्सन कॉलेजात शिकलो, त्यामुळे मिशनच्या शाळांना नावं ठेवणार नाही. पण तापाने फणफणलेलं पोर घेऊन आलेली आदिवासी बाई तुमच्या प्रार्थनेला ‘नको’ म्हणू शकते का? तिला औषध हवंय. अशा वेळी धर्माची गोष्ट काढणं मला तरी अडवणूक वाटते.

भायखळाकर
@गिरगावचा_वाचक, रास्त प्रश्न. राज्यघटनेचं कलम २५ धर्मप्रचाराचा हक्क देतं, पण दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लाउस खटल्यात सांगितलंय. केसपेपरच्या रांगेत पत्रक नाही, प्रार्थना नाही, हे जाणाऱ्या पोराकडून लिहून घ्या, मीच मसुदा देतो. पण ड्युटी संपल्यावर कुणी विचारलं, ‘तू एवढ्या लांब कशाला आलास?’ तर त्याने काय खोटं बोलावं?

कुर्ल्याची_मावशी
माझा विरोध वेगळ्या कारणासाठी. अशी पोरं पाहुणी येतात तेव्हा वसतिगृहात काय होतं ते मी पाहिलंय. पहिल्या दिवशी सत्कार, नारळ. मग वॉर्डनबाई मुलांची भाजी कमी करून पाहुण्यांसाठी अंडी आणते. पोरं कृतिगीतं शिकवतात, फोटो काढतात, जातात. पुढे कितीतरी दिवस तिसरीतली मुलगी फाटकापाशी विचारत राहते, ‘ताई कधी येणार?’ ताईचं तर सेमिस्टर सुरू झालेलं!

त्यापेक्षा गोवंडीत वर्षभर दर शनिवारी गणित शिकवा. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये विधवा मुलींसाठी शारदा सदन पहिल्यांदा मुंबईतच उघडलं होतं ना?

भायखळाकर
मावशी, गोवंडी कराच. पण शनिवारी चार तास शिकवून घरी जेवायला येणारा पोरगा आणि महिनाभर त्या मुलांच्याच पंगतीत बसणारा, दोघांच्या नजरेत फरक पडतो. अंड्यांचं म्हणाल तर शिधा मंडळीने आधीच पाठवावा.

एसवायची_विद्यार्थिनी
एवढ्या चर्चेत आम्हाला कुणी विचारलं का? मुलींच्या वाट्याला मंडळीत क्वायर आणि चहाचे कप. मला जायचंय. सोबत कोण, राहायचं कुठे, आजारी पडले तर कुणाला फोन करायचा, एवढं कागदावर द्या, म्हणजे आईला दाखवता येईल. आणि हे गोऱ्यांचं काम म्हणून सोडू नका. १९०५ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपुरात नॅशनल मिशनरी सोसायटी निघाली ती देशी माणसं, देशी पैसा, देशी कारभार या बोलीवर. आपण अजून पाहुणा वक्ता परदेशातून बोलावतोय.

भायखळाकर
ठराव पुढच्या कमिटीत मांडतोय. अनुमोदक हवा.

दादर_वेस्ट
माझं अनुमोदन धरू नका. वकिलाचं नाव आणि नंबर ठरावात असेल, तर विरोधात हात वर करणार नाही. एवढंच.