मुलांबरोबर शहर पाहताना गाइडबुक कसं वापरलंत? (अनुभव धागा)

थोरली सात वर्षांची, धाकटा साडेतीनचा. गेल्या डिसेंबरात शुक्रवार ते सोमवार हैदराबाद केलं. महिनाभर आधी गाइडबुक आणलं आणि पहिल्याच रात्री 'चुकवू नये असं काही' हे पान उघडून दिवसाला चार ठिकाणं बसवून टाकली. दुसऱ्या रात्री प्रत्येक ठिकाणाखालचा बारीक टाइप वाचला, तेव्हा सगळं पुन्हा मांडावं लागलं. सालारजंग म्युझियम शुक्रवारी बंद. चौमहल्ला पॅलेस शुक्रवारी बंद. प्राणिसंग्रहालय सोमवारी बंद. मग शुक्रवारी गोवळकोंडा, शनिवारी सालारजंग, रविवारी प्राणी, सोमवारी चारमिनार आणि परत. दिवसाला एकच ठिकाण, दुपारी खोलीवर झोप. आमची ती सहल निभली ती या बारीक टाइपामुळे, असं मी मनापासून सांगते.

सालारजंगमधलं ते संगीत घड्याळ पुस्तकात दोन ओळींत उरकलं होतं. दर तासाला आतून एक इवलासा माणूस बाहेर येतो आणि तासाचे टोले देतो. म्हणजे बारा वाजता गेलात तर बारा टोले! आम्ही साडेअकरालाच समोर जाऊन बसलो. धाकटा बाबाच्या खांद्यावर. घड्याळातलाच छोटा लोहार सेकंदासेकंदाला हातोडा मारत होता, त्याच्याकडेच तो अर्धा तास टक लावून होता. बुरख्यातल्या रेबेकाचा संगमरवरी पुतळा मला निवांत पाहायचा होता, तो धावतपळत पाहिला. त्याची रुखरुख आहे.

गोवळकोंड्याला फतेह दरवाजात वाजवलेली टाळी वर बालाहिसारला ऐकू येते, हेही पुस्तकातलंच. बाबा आणि थोरली वर गेले, मी आणि धाकटा खाली. त्याच्या चिमुकल्या हातांची टाळी काही वर पोचली नाही. तिथल्या गाइडकाकांनी वाजवली ती पोचली. थोरलीचा वरून फोन, "आई, आत्ता! आत्ता आली!"

तुमचं कसं? कोणतं शहर, मुलं केवढी, पुस्तकाने कुठे तारलं आणि कुठे दगा दिला? सविस्तर लिहा.

* * *

लंडन. मुलगे ५ आणि २.

ताई, आमच्या बाबतीत दगाच. बहीण तिकडे असते, तिच्या कपाटातलं जुनं गाइडबुक इथे मागवून घेतलं होतं. नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या मुख्य दालनात शिरलं की समोर डायनोसॉरचा प्रचंड सांगाडा, असा त्यात फोटो. मोठ्याने तो फोटो महिनाभर उशाशी ठेवला होता. आत गेलो तर वर छताला निळ्या देवमाशाचा पंचवीस मीटर लांब सांगाडा! २०१७ सालीच डायनोसॉर हलवून तो लावला आहे. पोरगं तिथेच फरशीवर बसून हमसून हमसून रडलं. पुढे डायनोसॉरचं स्वतंत्र दालन आहे, तिथला टी-रेक्स मान हलवतो आणि गुरगुरतो, तेव्हा कुठे कळी खुलली. तेव्हा आवृत्तीचं साल आधी बघा, बाकी सगळं नंतर.

बाबागाडी असेल तर आणखी एक. भुयारी रेल्वेच्या कितीतरी जुन्या स्टेशनांवर लिफ्ट नाही. रेल्वेच्या नकाशात व्हीलचेअरची खूण असलेली स्टेशनं पेन्सिलने गोल करून ठेवा. आम्ही दुसऱ्या दिवसापासून सरळ बसने फिरलो. बाबागाडी उघडी ठेवूनच चढता येतं, आणि वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली की मोठ्याला दुसरं काही नको असायचं.

* * *

मुंबई. नातवंडं पुण्याहून येतात.

राणीच्या बागेत पेंग्विन बघायचे म्हणून दोघं नाचत होती, आणि मुक्कामातला मोकळा दिवस नेमका बुधवार. बाग बुधवारी बंद, शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालयही बुधवारीच बंद. मी जन्माचा मुंबईकर, पण हे पुस्तकात वाचलं म्हणून वेळेवर कळलं. आपल्या शहराचंही गाइडबुक घरात ठेवावं.

* * *

म्हैसूर. मुलगी ६. आम्ही कोल्हापूरचे.

आमचं पुस्तक इंग्रजी. रोज रात्री एक पान मी तिला मराठीत सांगायचो, गोष्टीसारखं. आधीचा लाकडी राजवाडा १८९७ साली जळाला, मग आत्ताचा बांधला, तो १९१२ साली पुरा झाला, एवढंच सांगितलं होतं. राजवाड्यात चपला बाहेर काढाव्या लागतात. आत गार फरशीवर अनवाणी चालताना तिने हळूच विचारलं, "बाबा, इथेच जळालं होतं का?" पुढचा अर्धा तास ती खांब आणि छत निरखत होती.

रविवारी संध्याकाळी राजवाड्यावर दिवे लागतात, म्हणून मुक्काम रविवार धरूनच आखला. मंगळवारी तिथलं प्राणिसंग्रहालय बंद असतं, तेही जमवून घेतलं. अंधार पडल्यावर सगळे दिवे एकदम लागले आणि गर्दीतून एकच 'हाऽऽ' उठला. माझ्या गळ्यातले तिचे हात घट्ट झाले, ते मला अजून जाणवतात.

* * *

दिल्ली. मुलगा ४.

आम्ही गाइडबुकातल्या नकाशाची मोठी झेरॉक्स काढून त्याच्या हातात दिली. रेल्वे म्युझियमवर तांबडा ठिपका, आमच्या हॉटेलवर निळा. वाचता येत नसलं तरी ठिपके कळतात. पतियाळा संस्थानची जुनी मोनोरेल तिथे ठेवली आहे, रुळ एकच आणि दुसऱ्या बाजूचं चाक चक्क रस्त्यावर. ती बघून झाल्यावर त्याने घडी पडलेला नकाशा गवतावर पसरला, तांबड्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि शेजारच्या अनोळखी आजींना सांगितलं, "आम्ही आत्ता इथे आहोत."