‘आवाज येईना’ म्हणजे नेमकं कुणाचा, कुणाला?

प्रश्न (सांगली) : ऑनलाइन मीटिंग सुरू झाली की पहिलं वाक्य ठरलेलं, ‘आवाज येत नाहीये’. यात कुणाचा आवाज आणि कुणाला, हे दोन्ही गाळलेलं असतं. मग ऐकणारा आपला स्पीकर वाढवत बसतो आणि बिघाड निघतो बोलणाऱ्याच्या माईकमध्ये. नेमकं कसं बोलावं? आणि ‘म्यूट’ला वापरात टिकेल असा शब्द आहे का?

कराड : नवा शब्द कशाला, येणं-जाणं ही जोडी आहे की. ‘माझा आवाज जात नाही’ म्हटलं की माईक पाहायचा, ‘मला आवाज येत नाही’ म्हटलं की स्पीकर.
जात नसेल तर आधी माईकच्या चित्रावर तिरकी रेघ आहे का बघा. नसेल तर ब्राउझरमध्ये पत्त्याच्या डावीकडचं चिन्ह दाबून मायक्रोफोनला परवानगी द्या. तरीही नाही, तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली मायक्रोफोन बंद असतो. येत नसेल तर मीटिंगच्या ऑडिओ सेटिंगमध्ये स्पीकर कोणता निवडलाय ते पाहा. एचडीएमआयने टीव्ही किंवा प्रोजेक्टर जोडला की बऱ्याचदा आवाज गुपचूप तिकडे वळतो.
झूममध्ये तिसराच प्रकार असतो. माईकच्या जागी हेडफोनचं चित्र दिसतं. तेव्हा तुम्ही म्यूट नसता, ऑडिओच जोडलेला नसतो. संगणकावर ‘जॉइन ऑडिओ’ दाबून ‘कॉम्प्युटर ऑडिओ’ निवडायचा, मोबाइलवर ‘वायफाय ऑर सेल्युलर डेटा’. याला ‘आवाज जोडला नाही’ म्हणावं, म्हणजे म्यूटशी गल्लत होत नाही.

विटा : शीर्षकात ‘येईना’ आहे आणि प्रश्नात ‘येत नाही’. हे एक नव्हेत. ‘येत नाही’ ही नुसती स्थिती. ‘येईना’मध्ये माणसानं खटपट करून पाहिलेली असते, त्याला ‘आवाज वाढवून बघा’ सांगितलं की तो चिडणारच. आणि ‘यायचा बंद झाला’ म्हणजे आत्तापर्यंत येत होता. तिथं परवानग्या तपासू नका. ब्लूटूथची बॅटरी संपली असेल किंवा नेट गेलं असेल.

सातारा : म्यूटबद्दल. ‘आवाज बंद करा’ हे कधीही म्हणू नये. ऐकणारा स्पीकरचा आवाज शून्यावर नेतो, माईक तसाच चालू, आणि आता तुम्ही ओरडून सांगितलेलंही त्याला ऐकू जात नाही. ‘माईक बंद करा’ एवढंच पुरे. ‘मूक’ सुचवणारे आहेत, पण ‘तुम्ही मूक आहात’ हे कुणाला तोंडावर सांगवत नाही. ‘म्यूटवर आहात’ रुळलंय, असू द्या. सरकारी पत्रात ‘दूरदृश्यप्रणालीद्वारे’ असतं आणि ते पत्र वाचणारा शेजाऱ्याला सांगतो, ‘अकराला व्हीसी आहे’. म्यूटचंही तसंच होणार.

मिरज : तक्रार सांगताना क्रियापद नीट निवडलं तर निम्मी दुरुस्ती तिथंच होते.
‘तुटतो’ म्हणजे नेट. अक्षरं गळतात. कॅमेरा बंद करा, राउटरजवळ जा.
‘फाटतो’ म्हणजे माईकची पातळी जास्त किंवा तोंड फार जवळ. इथं नेटला दोष देऊन उपयोग नाही.
‘खरखरतो’ म्हणजे बहुधा पीन किंवा वायर ढिली. वायर हलवली की खरखर बदलते.
‘गुणगुणतो’, एकसुरी, म्हणजे विजेच्या ५० हर्ट्झचा शिरकाव. चार्जर काढून पाहा. थांबली तर अर्थिंग तपासा.
‘पिंपातून आल्यासारखा’ हा ब्लूटूथचा. माईक चालू होताच हेडफोन गाण्याच्या पद्धतीतून फोनच्या पद्धतीत जातो आणि आवाज बसतो. लॅपटॉपचा माईक निवडून ब्लूटूथ फक्त ऐकायला ठेवा.
‘कुई येते’ म्हणजे एकाच खोलीत दोन यंत्रं मीटिंगमध्ये आहेत. एकाचा माईक आणि स्पीकर दोन्ही बंद करा.
राहिला ‘घुमतो’. आमच्याकडे तंबोऱ्याचा भोपळा घुमला तर कौतुक, मीटिंगमध्ये तोच दोष. जाताजाता, ऑनलाइन गाणं शिकवणाऱ्यांनी झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ चालू ठेवावं. नाहीतर संथ, सलग सूर त्याला पंख्याचा आवाज वाटतो आणि तो तंबोरा पुसून टाकतो.

वाई : घुमणं आणि प्रतिध्वनी एकत्र करू नका. मूळ आवाज आणि परतलेला आवाज यांत सुमारे ०.१ सेकंदाचं अंतर पडलं तरच कान त्यांना वेगळे ऐकतो. त्यासाठी भिंत निदान १७ मीटर लांब हवी. म्हणून रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, प्रतिध्वनी येत नाही. त्यावर पडदा, सतरंजी, गादी हाच इलाज. मीटिंगमध्ये मात्र नेटमुळे उशीर होतो, त्यामुळे खरा प्रतिध्वनी येतो: तुमचं वाक्य दुसऱ्याच्या स्पीकरमधून त्याच्याच माईकात शिरून परत येतं. गंमत अशी, की ज्याला स्वतःचा आवाज परत ऐकू येतो त्याचा दोष नसतो. ज्याला काहीच जाणवत नाही त्यानं हेडफोन लावायचा. एकेकाचा माईक बंद करत गेलं की तो सापडतो.

प्रश्न (सांगली) : ‘जात नाही’चाच एक प्रकार. मोबाइलचा हेडफोन ऑफिसच्या संगणकाला लावला, आवाज येतो पण जात नाही. माईक तर आहे.

कराड : पिनेवरच्या रेघा मोजा. दोन असतील तर त्यात माईक नाहीच. तीन असतील तर आहे, पण जुन्या संगणकाला हिरवं आणि गुलाबी अशी दोन वेगळी भोकं असतात. हिरव्यात लावलं की फक्त येणं होतं. एका पिनेचे दोन फाटे करणारी छोटी वायर मिळते. दुकानात ‘माईकवाला स्प्लिटर’ असंच मागा, नुसतं ‘स्प्लिटर’ म्हटलंत तर दोघांनी मिळून गाणी ऐकायचा देतील.