पद नसतानाही लोक येतात

डॉक्टरांच्या संघटनेत माणसं पदासाठी आणि ओळखी वाढवायला जातात, असं म्हटलं जातं. निवडणुकीच्या दिवसांत तसं दिसतं, नाकारत नाही. पण मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या नवजात पुनरुज्जीवन (जन्मल्यावर श्वास न घेणाऱ्या बाळाचा श्वास सुरू करणं) कार्यशाळांत शिकवायला जातो. माझ्याबरोबर शिकवणाऱ्या बहुतेकांना कसलंही पद नाही आणि नकोही आहे.

कारण आमच्या कामातलंच आहे. जन्मल्यावर श्वास न घेतलेलं बाळ आमच्या एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) पोचतं तेव्हा बराच वेळ गेलेला असतो. बॅग-मास्कने (नाकातोंडावर मास्क बसवून हाताने बॅग दाबत) श्वास द्यायला सुरुवात व्हायला हवी ती पहिल्या ६० सेकंदांत, आणि ते सेकंद तालुक्याच्या प्रसूतिगृहात, तिथल्या सिस्टरच्या हातात असतात. पुढे कितीही भारी व्हेंटिलेटर लावा, ते भरून निघत नाहीत. कार्यशाळेत सिस्टर मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या बाहुलीवर, बॅग दाबतात, छाती वर येत नाही, हवा हनुवटीपाशी निसटत असते. मान किंचित मागे करून मास्क नीट बसवला की छाती हलायला लागते. माझ्या वॉर्डात बसून हे काम मला करताच येत नाही, म्हणून रविवारी तिकडे जातो.