जुन्या गाडीची पुढची खडखड

ए-१०२: नमस्कार मंडळी. आमची गाडी १४ वर्षांची आहे. सध्या पुढून डाव्या बाजूने खडखड येते. गॅरेजवाले म्हणतात, दोन्ही शॉकअप आणि स्टेअरिंगचा रॅक बदला. एवढं सगळं एकदम बदलायला मन धजत नाही. कोणी सांगू शकेल का?

सी-४०१: काका, शॉकअपच असणार. जुन्या गाडीत तेच जातात.

बी-३०३: काका, इतक्यात काही बदलू नका. आवाज नेमका कधी येतो? खड्ड्यात, वळताना, की ब्रेक मारताना?

ए-१०२: हळू जाताना बारीक खड्ड्यांत येतो. स्पीडब्रेकरवर फारसा नाही, याचंच नवल वाटतं. आणि ब्रेक दाबला की एकदाच ‘टक्’ होतं.

बी-३०३: मग हे दोन वेगळे आवाज आहेत. खडखड बहुतेक लिंक रॉडची, म्हणजे अँटी-रोल बारला चाकाच्या बाजूशी जोडणाऱ्या छोट्या दांडीची. अँटी-रोल बार (वळताना गाडी कलू नये म्हणून लावलेली आडवी दांडी) दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडलेला असतो. स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम उचलली जातात, बार पिळला जात नाही, म्हणून लिंक गप्प राहते. एकच चाक खड्ड्यात गेलं की बार पिळतो आणि सैल लिंक वाजते. शॉकअपवर तेल ओघळलंय का बघा. बॉनेटचा कोपरा दाबून सोडा. गाडी हिंदकळतच राहिली तर शॉकअपवर संशय घ्यायचा.
‘टक्’ची मात्र मला काळजी वाटते. लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा, बुश (गाडीकडचा रबरी सांधा) किंवा बॉल जॉइंट (चाकाकडचा गोळ्याचा सांधा) असू शकतो. बॉल जॉइंट निखळला तर चाक आडवं पडतं आणि गाडी हातात राहत नाही.

डी-२०४: ताई, आमच्या गाडीचं स्टेअरिंग पूर्ण फिरवून वळताना कटकटकट होतं.

बी-३०३: दादा, एक्सलचं रबरी बूट (सांध्यावरचं आवरण) फाटलंय का आणि चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालंय का, बघा. तसं असेल तर बाहेरचा सीव्ही जॉइंट (एक्सलचा चाकाकडचा सांधा) गेलाय.
काका, मेकॅनिकला चाक जॅकवर उचलून स्टँड लावायला सांगा. नुसत्या जॅकवर गाडीखाली कोणी जायचं नाही. चाक वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ वर धरून हलवायचं. हललं तर दुसऱ्याने ब्रेक दाबून धरायचा. हलणं थांबलं तर बेअरिंग, नाही थांबलं तर बॉल जॉइंट. मग ३ आणि ९ वर धरून हलवायचं. तिथे ढिलं असेल तर टाय रॉड एंड (रॅकपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांडीचा टोकाचा सांधा) किंवा रॅकचा आतला जॉइंट.

ए-१०२: आत्ताच दुसऱ्या मेकॅनिकला बोलावून बघितलं. शॉकअप कोरडे आहेत. डाव्या लिंकचं रबर फाटलंय, हाताने हलवली तरी खुळखुळते. १२-६ वर चाक हललं, ब्रेक दाबूनही हलत राहिलं. आर्मखाली पहार घालून उचललं तर बॉल जॉइंट डोळ्यांदेखत वर-खाली झाला! ३-९ वर काहीच नाही.

सी-४०१: बापरे. बरं झालं बघितलंत.

बी-३०३: काका, बॉल जॉइंट बदलेपर्यंत गाडी बाहेर काढूच नका, काम पार्किंगमध्येच करून घ्या. रॅकला हात लावायचं कारण दिसत नाही. काही गाड्यांत बॉल जॉइंट अख्ख्या आर्मसकट येतो. तसं असेल तर बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते चाकं जमिनीवर टेकल्यावरच. लटकत्या चाकावर आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. अलाइनमेंट त्यानंतर.

ए-१०२: मेकॅनिकला तुझा मेसेज तसाच दाखवतो. उद्या सकाळीच काम करून घेतो.